पुतळा चौथऱ्यावरून उतरला, पुढे काय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या शाळेच्या जुन्या दगडी इमारतीत, दर्शनी व्हरांड्यात, इंग्रज गव्हर्नरच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. इमारतीची दुरुस्ती निघाली आहे. कमिटीतले काही जण म्हणतात, ही गुलामीची खूण आता काढा, मुंबईने 1965 साली इंग्रजांचे पुतळे काढलेच की. दुसरे विचारतात, मग गेटवे ऑफ इंडिया आणि सीएसएमटी का ठेवलं? दगड आणि धातूच्या जुन्या कामांच्या डागडुजीत आयुष्य गेलेला माणूस म्हणून माझा कौल कुणाला, असं तुम्ही विचारलंय.

पाटीचं शेवटी सांगतो. आधी मुंबई, कारण दोन्ही तट तिचाच दाखला देताहेत आणि दोघांनीही तो अर्धाच वाचलाय.

चौकातले पुतळे हलवले ते योग्यच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. मी संवर्धनवाला आहे म्हणून प्रत्येक जुनी वस्तू जागच्या जागी राहावी असं म्हणेन, अशी लोकांची समजूत असते. तसं नाही. भर चौकात उंच चौथऱ्यावर कुणाला उभं करणं म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याकडून रोजचा मुजरा वसूल करणं. मुजरा बंद करायचा अधिकार स्वतंत्र देशाला असतोच. माझी तक्रार वेगळी आहे. पुतळे उतरवले, पण उतरवताना कागद केला नाही. कोणता पुतळा, कुणाचा, कुणी घडवला, पैसे कुणी दिले, चौथऱ्यावर काय कोरलं होतं, तो चौथरा कुठे गेला, यातलं फार थोडं नीट नोंदलं गेलं. त्यामुळे त्या माणसांचा मान गेला तो गेलाच, पण त्यांच्या राज्याचा हिशेब मांडायचा पुरावाही विस्कटला.

व्हिक्टोरिया राणीचंच घ्या. मॅथ्यू नोबल या शिल्पकाराने घडवलेला तिचा बसलेला संगमरवरी पुतळा 1872 मध्ये एस्प्लनेडवर, आजच्या हुतात्मा चौकाच्या जवळच बसवला गेला. वर नक्षीदार गॉथिक मखर. पैसे विलायतेतून आले नव्हते. ते बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिले होते. त्याच पुतळ्याला 1896 मध्ये दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर या भावांनी डांबर फासलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात हे स्वतःच सांगितलंय. पुढच्या वर्षी, 22 जून 1897 च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या दिवशी पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. म्हणजे पुतळ्याचं डांबर आणि गणेशखिंडीतली गोळी यांच्यात वर्षाचंसुद्धा अंतर नाही.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. संगमरवर दिसतो गुळगुळीत, पण असतो सच्छिद्र. डांबर, तेल, हळदीचं पाणी, काहीही त्याच्या पोटात उतरतं. वरून घासलं तर डाग फिका होतो आणि दगडाची कातडी निघते, मग पुढचा प्रत्येक पाऊस तिथे जास्त खोल जातो. राणीच्या चेहऱ्याचे डाग काढणं सरकारला जड गेलं होतं. ते काम शेवटी केलं त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाने. पुढे बडोद्यात अलेम्बिक हा कारखाना उभा राहिला त्यात ज्यांचा हात होता, तेच हे. म्हणजे पुतळा एका संस्थानिकाच्या पैशातून आला, त्याला काळं फासलं चिंचवडच्या दोन भावांनी, आणि धुऊन काढला एका गुजराती प्राध्यापकाने. त्या काळचा हिंदुस्थान एवढ्या एका दगडात सापडतो. आणि यातलं अक्षरही दगडाकडे बघून आपोआप कळत नाही.

1965 मध्ये राणी भायखळ्याला गेली. आज ती डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. मखर सोबत नाही. मखराशिवाय बघितली की तिची बैठक विचित्र वाटते, कारण शिल्पकाराने सगळी रचना त्या चौकटीत बसवून केली होती. संग्रहालयाची इमारत त्याच 1872 साली ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ या नावाने खुली झाली होती. नाव बदललं 1975 मध्ये. शेजारच्या बागेला महापालिकेने वीरमाता जिजाबाईंचं नाव दिलंय, पण टॅक्सीवाल्याला विचाराल तर तो अजून ‘राणीची बाग’च म्हणतो. हटवलेल्या राणीला तिच्याच बागेत नेऊन बसवलं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे.

काळा घोडाही तिथेच गेला. सातवा एडवर्ड युवराज असताना 1875-76 मध्ये हिंदुस्थानात आला होता, त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी हा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला. शिल्पकार जोसेफ एडगर बोम, बसवला 1879 मध्ये. ससून घराण्याची श्रीमंती कापसाची होती तशीच चीनला जाणाऱ्या अफूचीही होती. माळव्यातली अफू मुंबई बंदरातून जहाजावर चढायची. पुतळ्याबद्दल शेतकऱ्याच्या बाजूने काही बोलायचं असेल तर सुरुवात युवराजापासून करण्याऐवजी या पैशापासून करावी. पण तसा फलक मी अजून कुठे पाहिला नाही. गंमत म्हणजे स्वार आणि घोडा दोन्ही गेले, नाव मात्र त्या भागाला चिकटून राहिलं. मग 2017 मध्ये तिथे नवा घोडा आला, बिनस्वाराचा. काहींना ती पळवाट वाटली. मला ती तोड आवडली. लोकांची आठवण घोड्याची होती, राजाची नव्हती, आणि लोकांना हवं तेवढंच परत आणलं.

जुन्या मुंबईतली एक गोष्ट अशा चर्चेत मी हटकून सांगतो. लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळा आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी, तेव्हाच्या मोकळ्या मैदानात, घुमटाखाली बसवला होता. लोकांनी त्याला हार-फुलं वाहायला सुरुवात केली. त्या जागेला ‘छोटं देऊळ’ म्हणू लागले. हा देव नव्हे, असं सरकारला जाहीर करावं लागलं, तरी लोक बधले नाहीत. कॉर्नवॉलिसने बंगालात कायमधाऱ्याची पद्धत आणली, टिपूचं अर्धं राज्य काढून घेतलं, त्याच्याशी त्या फुलं वाहणाऱ्यांना काही देणंघेणं नव्हतं. घुमट आहे, आत मूर्ती आहे, म्हणजे देऊळ. पुतळा बसवणाऱ्याच्या मनातला अर्थ समोरचा घेईलच असं नाही, हे कंपनी सरकारला तेव्हाच कळलं होतं. तो कॉर्नवॉलिसही आता भायखळ्याच्या आवारात आहे. हार घालायला कुणी येत नाही.

आणि त्याच आवारात, प्रवेशाजवळ, एक दगडी हत्ती आहे. बहुतेक लोक त्याच्यापाशी फोटो काढतात आणि पुढे जातात. हा घारापुरीचा हत्ती. पोर्तुगीजांनी ज्याला बघून त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं, तोच. 1864 मध्ये तो विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे बागेत आणून ठेवले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोडले. जवळ जाऊन पाहा, सांधे दिसतात. वसाहतवाद म्हणजे काय हे शाळेतल्या मुलांना दाखवायचं असेल, तर मी राणीपाशी नेणार नाही, या हत्तीपाशी नेईन. राणीचा पुतळा सत्तेने स्वतःबद्दल काय सांगितलं ते दाखवतो. हत्ती सत्तेने काय केलं ते दाखवतो. दोन्ही एकाच कुंपणात आहेत, मधलं अंतर चालत जाण्याइतकं, आणि दोघांना जोडणारी पाटी लावायला एका दिवसाचं काम आहे.

पंचम जॉर्जची कथा आणखी बोलकी. गेटवेसमोर त्याचा ब्राँझचा पुतळा होता. घडवणारा मुंबईचाच, गणपतराव म्हात्रे. ‘मंदिरपथगामिनी’ घडवणारे तेच म्हात्रे, न्यायमूर्ती रानड्यांचा पुतळाही त्यांचाच. महाराष्ट्र झाल्यावर तो राजा तिथून हलला आणि 26 जानेवारी 1961 रोजी त्या जागी शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण झालं. तोंड गेटवेकडे. याहून सरळ उत्तर कुणी दिलं नसतं. पण म्हात्र्यांचा जॉर्ज नंतर वर्षानुवर्षं फोर्टातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिला. राजाबद्दल मला काडीचंही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते एवढ्यासाठी, की आपल्या पहिल्या फळीच्या शिल्पकाराचं ओतकाम, त्याचा हात, अभ्यासायला मिळत नाही. ब्राँझचा पुतळा आतून पोकळ असतो आणि त्याला आतून लोखंडी सांगाड्याचा आधार असतो. खाऱ्या हवेत बंद शेडमध्ये ठेवला की आत दमटपणा साचतो, लोखंड गंजून फुगतं आणि ब्राँझला आतून तडे देतं. बाहेरून पुतळा धडधाकट, आतून पोखरलेला. उघड्या पावसात, पण पाणी निघून जायला खाली भोकं ठेवून तो उभा केला असता तर जास्त टिकला असता.

इथे एक विषयांतर, पण अगदीच नाही. हे फक्त इंग्रजांच्या पुतळ्यांचं होतं असं समजू नका. आपल्या स्वतःच्या थोर माणसांच्या ब्राँझवर जयंतीच्या आदल्या दिवशी सोनेरी नाहीतर चंदेरी ऑइलपेंट मारणारे आपणच. रंगाचे थर चढत जातात, डोळ्यांच्या कडा बुजतात, आणि चेहऱ्याचा माणूस ओळखू येईनासा होतो. प्रेमाने केलेलं नुकसान काढायला रागाने केलेल्या नुकसानाइतकाच वेळ लागतो.

आता दुसऱ्या तटाचा प्रश्न. पुतळे काढले तर इमारती का ठेवल्या?

एक तर त्या वापरात होत्या, हे साधं कारण. सीएसएमटी पाडून लोकल कुठे उभ्या करणार होतो? पण वापराने नुसती सोय झाली नाही, मालकी बदलली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आराखडा केलेलं हे स्टेशन 1887 च्या राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तिच्या नावाने जाहीर झालं. 1996 मध्ये त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव मिळालं, 2004 मध्ये युनेस्कोच्या यादीत ते गेलं, 2017 मध्ये नावात ‘महाराज’ जोडलं गेलं. या तिन्ही तारखांच्या आधीच ते कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांचं झालं होतं. मुंबईत पहिलं पाऊल टाकायची जागा म्हणून.

त्या इमारतीच्या दर्शनी भागाकडे एकदा नीट पाहा. मोठ्या घड्याळाच्या खाली एक कोनाडा आहे. रिकामा. तिथे राणीचा पुतळा होता. तो काढला, आणि नंतर तो कुठे गेला याचा पत्ता नाही. हेच ते, कागद न करणं. त्याच भिंतीवर गोल चौकटींत रेल्वे कंपनीच्या माणसांचे चेहरे आहेत, त्यांत पागोट्यातले जगन्नाथ शंकरशेठ आणि जमशेटजी जीजीभाईही आहेत. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ, म्हणजे ब्रिटन आणि हिंदुस्थान. कोरीव पानाफुलांत, माकडा-मोरांत जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचा हात आहे. यातली कोणती रेघ ‘त्यांची’ आणि कोणती ‘आपली’ हे ठरवायला छिन्नी घेऊन बसलात तर दर्शनी भिंत उरणार नाही. पुतळ्याचं तसं नाही. पुतळा एकच वाक्य बोलतो, म्हणून तो हलवता येतो.

टाऊन हॉलचं उदाहरण मात्र या नियमाला छेद देतं. एशियाटिक सोसायटीच्या त्या पांढऱ्या पायऱ्या चढून आत जा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम अजून उभे आहेत, दोघेही शिल्पकार चँट्रीचे. 1817 मध्ये खडकीची लढाई झाली तेव्हा पुण्यातला रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारी कंपनीचा प्रतिनिधी, हाच एल्फिन्स्टन. पेशवाई बुडवणाऱ्या माणसाच्या नजरेखाली मराठी संशोधक पिढ्यानपिढ्या पोथ्या चाळत बसलेत आणि त्याला कुणी साधा धक्का लावलेला नाही. जवळच जगन्नाथ शंकरशेठ आणि जमशेटजी आहेत. छताखाली, शांत दालनात, चार माणसांच्या संगतीत पुतळा आला की त्याचा मुजरा संपतो आणि तो नुसता दस्तऐवज होतो. बहुधा म्हणूनच कुणाच्या डोळ्यांवर आला नाही.

गेटवेबद्दल एवढंच. जॉर्ज आणि मेरी 2 डिसेंबर 1911 ला उतरले तेव्हा ही कमान नव्हतीच, त्यांनी पाहिला तो पुठ्ठ्याचा तात्पुरता देखावा. दगडी कमान पुरी झाली 1924 मध्ये, जॉर्ज विटेटच्या आराखड्यावर. आणि 28 फेब्रुवारी 1948 रोजी सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची तुकडी, हिंदुस्थान सोडणारी शेवटची ब्रिटिश फौज, याच कमानीखालून बोटीत बसली. कमानीच्या माथ्यावर आगमनाचा मजकूर कोरलेला आहे. निघून गेल्याचा मजकूर तितक्याच ठळकपणे शेजारी हवा होता. मी तो मराठीत लावला असता.

फ्लोरा फाउंटनवर थोडं थांबतो, कारण काढावं की ठेवावं याहून तिसरा रस्ता तिथे सापडतो. 1864 चं हे कारंजं. किल्ल्याचा चर्चगेट जिथे होता तिथे ते उभं केलं. आधी ते गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या नावे व्हायचं होतं. खर्चाचा मोठा वाटा खर्शेदजी फर्दुनजी पारेख यांनी उचलला. दगड इंग्लंडातून आणलेला, पोर्टलँड जातीचा चुनखडी दगड. 21 नोव्हेंबर 1955 ला संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी इथे जमलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. लक्षात घ्या, गोळ्या इंग्रजांच्या नव्हत्या, स्वतंत्र देशाच्या मुंबई सरकारच्या होत्या. पुढे इथेच मशाल हाती घेतलेले शेतकरी आणि कामगार उभे राहिले आणि चौकाचं नाव हुतात्मा चौक झालं. रोमन फुलदेवी मात्र कुणी हलवली नाही. आज दोन्ही एका नजरेत येतात, आणि कोणतं स्मारक जास्त महत्त्वाचं हे चौकाच्या नावावरूनच कळतं.

त्या कारंज्यावर किती वर्षं कुणी ना कुणी पांढरा ऑइलपेंट फासत होतं. चुनखडी दगडाला श्वास घ्यावा लागतो. आतला ओलावा बाहेर पडायला वाट लागते. वर रंगाची फिल्म बसली की ओलावा आत कोंडतो, सोबतचे क्षार पृष्ठभागाखाली जमतात आणि दगड भुगा होऊन सुटतो. वरून रंग चकचकीत असतो, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. असा रंग काढताना घाई चालत नाही. ॲसिड लावलं तर चुनखडी स्वतःच विरघळते. वाळूचा मारा केला तर वस्त्राच्या चुण्या, बोटं, नाकाची शेंडी आधी उडते. मऊ करणारं द्रव्य लगद्यात कालवून लेप द्यायचा, वर झाकायचं, थांबायचं, लाकडी किंवा प्लास्टिकच्या पात्याने थर उचलायचा, परत लेप. फाउंटनचं काम वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली झालं, ते पुरं होऊन कारंजं 2019 च्या जानेवारीत पुन्हा सुरू झालं. रंगाखालून दगडाचा मूळ पोत पुन्हा वर आला. शहरात जन्मलेल्या कितीतरी लोकांनी तो पहिल्यांदाच पाहिला.

हे सगळं सरकारदरबारी कसं होतं, हेही सांगायला हवं. मुंबईने 1995 मध्ये वारसा नियमावली केली, देशातली अशी पहिली. इमारतींना श्रेणी मिळाल्या, बदल करायचा तर समितीची परवानगी लागू लागली. पण नियमावली इमारतींना वाचवते, साफसफाईच्या टेंडरला वाचवत नाही. सगळ्यात कमी भाव भरणारा येतो, तो तारेचा ब्रश आणि मुरिआटिक ॲसिड घेऊन येतो. एका ठिकाणी (जागेचं नाव घेत नाही) पाहुणे येणार म्हणून आदल्या रात्री संगमरवराला मशीनने पॉलिश मारलेलं मी पाहिलंय. सकाळी पुतळा चमकत होता आणि चेहऱ्यावरचे छिन्नीचे सगळे बारीक ठसे गेले होते.

आणि ज्यांना वाटतं की इंग्रजांची खूण म्हणजे आपल्या विरोधातली खूण, एवढं सरळ असतं, त्यांनी कोरेगाव भीमाला जाऊन यावं. तो स्तंभ कंपनी सरकारने उभारला, 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्या आपल्या शिपायांसाठी. कंपनीच्या लेखी विजय तिचा, हार पेशव्यांची. पण स्तंभावर कोरलेल्या नावांमध्ये ‘नाक’ हा प्रत्यय असलेली महार शिपायांची नावं आहेत. 1 जानेवारी 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले, आणि तेव्हापासून तो स्तंभ कुणाचा आहे हे कंपनीच्या हातात राहिलं नाही. दरवर्षी लाखो लोक तिथे मानवंदना द्यायला येतात. त्यांना कुणी सांगावं की ही वसाहतीची निशाणी आहे? ज्या समाजाची नावं दगडावर क्वचितच कोरली गेली, त्याच्यासाठी ती मोलाची कोरीव साक्ष होती. अर्थ लावायचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न तुमच्या कमिटीतही येणार आहे, आणि तिथे बसलेल्यांत, जिथली मुलं शाळेत शिकली त्या सगळ्या आळ्यांतली माणसं आहेत का, हे आधी बघा.

गोव्याने काय केलं? गोवा जिंकणारा अल्फोन्सो दि अल्बुकर्क आणि पोर्तुगीज कवी कामोंइश यांचे ब्राँझचे पुतळे जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात नेऊन ठेवले, छताखाली, ओळखीच्या पाटीसह. पणजीत आबे फारियाचा पुतळा जागचा हलला नाही, कारण तो गोंयकार. आणि व्हाइसरॉयच्या कमानीवर, नदीच्या बाजूने, वास्को द गामा अजून आहे. सगळं एका मापाने मोजलं नाही, आणि ते बरं झालं. दिल्लीत पंचम जॉर्जला इंडिया गेटच्या छत्रीतून काढून कॉरोनेशन पार्कात नेलं. छत्री पन्नासहून जास्त वर्षं रिकामी राहिली, 2022 मध्ये तिथे नेताजी आले. पार्कातले इतर पुतळे कुणाचे हे ओळखायला आज माहीतगार लागतो. मुंबईचीच चूक, मोठ्या मैदानात.

तर तुमची पाटी.

काढायची की ठेवायची हे कमिटीने ठरवावं, पण त्याआधी एक आठवडा वाचनासाठी ठेवा. शाळेची जुनी इतिवृत्तं काढा. नसतील तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, तिथे शिक्षण खात्याची दप्तरं आहेत. गव्हर्नरसाहेब बहुधा फक्त फीत कापायला आले असतील. जमीन कुणी दिली, लोकवर्गणी कुणाकुणाची होती, दगड कुठल्या खाणीचा, पाथरवट कुठले, सुरुवातीला कोणत्या जातींच्या मुलांना प्रवेश होता आणि कुणाला बाहेर बसावं लागत होतं, हे सापडलं तर ते गव्हर्नरच्या नावापेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

माझा सल्ला विचाराल तर पाटी आहे तिथेच ठेवा आणि खाली दुसरी, तिच्याहून मोठ्या अक्षरांची, मराठीत लावा. त्यात वरचं सगळं लिहा. विशेषणं नकोत; ‘परकीय जुलमी राजवट’ लिहिलं की वाचणारा तिथेच थांबतो, ‘या वर्गखोल्यांत अमुक सालापर्यंत तमुक मुलांना बसू दिलं जात नव्हतं’ लिहिलं की पुढे वाचतो. नवी पाटी त्याच दगडाची, त्याच घाटाची करू नका, नाहीतर पन्नास वर्षांनी ती जुनीच वाटेल. काळा किंवा करडा स्थानिक बेसाल्ट वापरा आणि कोपऱ्यात बसवल्याचं साल कोरा.

जुनी साफ करताना साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस. अक्षरांत शिसं भरलेलं असेल तर बोटाने हळूच चाचपून बघा. सुटं झालं असेल तर हात लावू नका, जाणकाराला दाखवा. ठेकेदार म्हणेल, मशीन फिरवून नवी करून देतो. नको म्हणा. पाटीच्या कडांना सिमेंट भरलं असेल तर ते काढून चुना भरायचा, कारण सिमेंटमधले क्षार संगमरवरात शिरतात आणि पाटी पिवळी पडते. मागे लोखंडी पट्ट्या असतील तर त्या गंजून पाटीला कोपऱ्यातून चिरा देतात. तशा चिरा दिसल्या तर पाटी उतरवावीच लागेल आणि पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या पिनांवर परत बसवावी लागेल.

आणि कमिटीने काढायचंच ठरवलं तर तेही चालेल, माझी हरकत नाही. फक्त आधी फोटो घ्या, तिरप्या उजेडात, म्हणजे अक्षरं उठून दिसतील. मापं लिहा, भिंतीवर किती उंचीवर होती तेही. भोवतीचा गिलावा हाताने फोडा, ड्रिल नको. उतरवल्यावर आडवी टाकू नका. संगमरवराची मोठी फरशी आडवी ठेवली की स्वतःच्या वजनाने वाकते आणि मधोमध मोडते. लाकडी चौकटीत, कडेवर उभी, जमिनीपासून वीतभर वर, कोरड्या खोलीत. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा: कुठून, कधी, कोणत्या ठरावाने. आणि शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये बाकं आणि घंटेच्या खाली तिची नोंद करून मुख्याध्यापकांची सही घ्या, म्हणजे पुढच्या वार्षिक तपासणीला ती वस्तू जागेवर आहे की नाही हे कुणाला तरी बघावंच लागेल.